क्लू : सुताच्या गुंड्यातून निघालेला शब्द

इंग्रजीतील 'क्लू' हा शब्द आपण रहस्यकथा आणि शब्दकोडी यांच्या संदर्भात सहज वापरतो. मुळात मात्र त्याचा अर्थ सुताचा गुंडा असा होता. ग्रीक पुराणकथेतील राजकन्या अरिअ‍ॅड्नी थिसियस या वीराला असा गुंडा देते, तो उलगडत थिसियस क्रीट बेटावरच्या भुलभुलैयात शिरतो, तिथल्या मिनोटॉर या अर्ध्या बैलाच्या, अर्ध्या माणसाच्या रूपातील राक्षसाला ठार करतो आणि तेच सूत धरून सुखरूप बाहेर येतो. वाट दाखवणाऱ्या या सुतावरूनच गूढ उकलणारी खूण हा अर्थ रूढ झाला. 'आय हॅव नो क्लू' म्हणजे मला काहीच कल्पना नाही. मला विशेष आनंद याचा वाटतो की, तपासात 'धागेदोरे हाती लागले' असे म्हणताना मराठीही नेमकी हीच प्रतिमा वापरते.