खटखटणारं दार आणि पाच तारांची मोटर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाटात पाऊस धो धो कोसळत होता आणि अचानक गाडीची चारही दारं आपणहून लॉक-अनलॉक व्हायला लागली. खट-खट, खट-खट, थांबायचं नाव नाही. मागच्या सीटवर पाच वर्षांची लेक होती. तिच्या दाराचा चाइल्ड लॉक लावलेला होता. तो म्हणजे आतून दार उघडू न देणारा, दाराच्या कडेचा साधा यांत्रिक खटका, त्याचा विजेशी काही संबंध नाही. तरी घाट संपेपर्यंत माझ्या पोटात गोळाच होता. सुरूरला चहाला थांबलो तेव्हा सेंट्रल लॉकचा, म्हणजे चारही दारं एकदम लॉक करणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढून खिशात टाकला आणि पुढचे दोन दिवस एकेक दार हाताने लॉक केलं.

परत आल्यावर गॅरेजवाल्याने सांगितलं, दारं लॉक करणाऱ्या चारही मोटरी आणि त्यांना चालवणारं युनिट, सगळा किटच बदला. मला ते पटेना. आमच्या गाडीत कंपनीचं नाही, नंतर बाहेर बसवून घेतलेलं सेंट्रल लॉक आहे. त्यात तीन दारांच्या मोटरी दोन तारांच्या असतात. बटण दाबलं की युनिट त्यांना क्षणभर बारा व्होल्ट देतं. एका दिशेने दिले की लॉक, प्लस-मायनस उलटे केले की अनलॉक. ड्रायव्हरच्या दाराची मोटर मात्र पाच तारांची. तीही दोन तारांवरच चालते, पण उरलेल्या तीन तारा तिच्या पोटातल्या स्विचच्या असतात. दार लॉक आहे की उघडं आहे, हे तो स्विच युनिटला कळवतो आणि बाकीची दारं त्याचं ऐकतात. म्हणजे चारही दारं एकदम वेडीवाकडी वागायला लागली, तर आधी या एका मोटरीवर संशय घ्यायला हवा.

रविवारी सकाळी ड्रायव्हरचं दार खोलायला घेतलं. काच पूर्ण वर घेतली, आतल्या हँडलमागचा आणि आर्मरेस्टच्या खोबणीतला स्क्रू काढला. काच फिरवायच्या हँडलला मागून एक तारेची क्लिप असते, ती दिसत नाही आणि बोटांनी निघतही नाही. जुन्या धोतराची पट्टी हँडल आणि पॅनलच्या फटीत घालून, बूट पुसतात तशी दोन्ही हातांनी ओढली. टिंग आवाज झाला आणि क्लिप उडाली. दुसऱ्या कुणीतरी हात आडवा धरायला हवा, नाहीतर ती शोधण्यात अर्धा तास जातो. मग पॅनलच्या कडेच्या क्लिपा एकेक करून सोडवल्या. पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदावर बसलेला असतो. तो फाडायचा नाही, सावकाश सोलायचा. दारात झिरपणारं पावसाचं पाणी गाडीच्या आत येऊ न देणं हेच त्याचं काम.

फ्यूज पुन्हा बसवला, खटखट सुरू झाली. मोटरीच्या पाचही तारांचा जोड सुटा केला आणि खटखट बंद. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. दार आणि खांबामधल्या रबरी नळीतल्या तारा वाकवून-ओढूनही पाहिल्या. दार उघडझाप करून त्या तिथेच तुटतात. पण त्या धड होत्या.

नाना पेठेत साडेतीनशे रुपयांना तशीच पाच तारांची मोटर मिळाली. घरी येऊन जुनी मोटर चाकूने उकलली. आतल्या चाकांचा दाता-दाता ठीक होता, पण स्विचच्या पत्र्यांवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढला होता आणि एक ओला थेंब अजून तिथेच होता. मोटरीच्या रॉडवरचं रबरी आवरण चिरलेलं होतं. पण पाणी इतक्या वर कसं पोचलं? वाकून दाराच्या तळाची कड बघितली तेव्हा कळलं. पाणी निघून जाण्यासाठी तिथे भोकं असतात, ती चिखल आणि पाचोळ्याने गच्च भरली होती. तार घातली तसं पाणी भळाभळा पायावर आलं. ती भोकं तशीच राहिली असती, तर नवी मोटरही पुढच्या पावसाळ्यात गेली असती.

नवी मोटर बसवताना सगळा वेळ एकाच गोष्टीत गेला. मोटरीचा रॉड आणि लॉकचा रॉड एका रेषेत यायला हवेत. पहिल्यांदा बोटभर तिरकी बसली, तर मोटर नुसती घुर्र करून अडायची. पत्र्यातल्या जुन्या भोकांचा नाद सोडून अर्धा इंच खाली नवीन भोकं पाडली, रॉड मधोमध ठेवून दोन्ही रॉड जोडणारा चिमटा आवळला, तेव्हा ती मोकळी चालली. तारांचे रंग जुन्याशी जुळत नव्हते. पहिल्या चाचणीत तीन दारं लॉक झाली आणि ड्रायव्हरचं उघडलं. मोटरीच्या दोन तारा अदलाबदल केल्या, काम झालं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पॅनल लावण्याआधीची चाचणी दार उघडं ठेवूनच करा. स्क्रू ड्रायव्हरने कुलपाची जीभ दाबून दार बंद असल्याचं सोंग घ्यायचं आणि काम झाल्यावर बाहेरचं हँडल ओढून जीभ आधी मोकळी करायची. काही चुकलं असताना दार बंद होऊन लॉक झालं, तर ते उघडताना नाकी नऊ येतात.

संध्याकाळी सगळं जागेवर बसवून रिमोट दाबला. चारही दारांचा एकच आवाज आला. मग तीच तार घेऊन बाकीच्या तीन दारांखाली बसलो. लेकीच्या दारातून निम्मा तांब्याभर गढूळ पाणी निघालं.