इन्फ्रारेड फिल्टर मिळवताना: माझा अनुभव

दुर्बिणीतून चंद्र आणि ग्रह टिपण्यासाठी इन्फ्रारेड फिल्टर, म्हणजे डोळ्यांना दिसणारा बहुतेक प्रकाश अडवून इन्फ्रारेड पुढे जाऊ देणारी काच, घ्यायचा असेल, तर काच निवडण्यापेक्षा ती परदेशातून आपल्या हाती पडेपर्यंतचा टप्पा अधिक त्रासदायक आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहतो. माझ्याकडे १५० मिलिमीटर आरशाची न्यूटोनियन दुर्बीण आणि ग्रहांसाठीचा कृष्णधवल कॅमेरा आहे. फिल्टर ठरला, पैसे भरले, पार्सल निघाले आणि मुंबईत सीमाशुल्क तपासणीत थांबले.

विक्रेत्याने बिलावर ‘इन्फ्रारेड पास फिल्टर’ एवढेच लिहिले होते. ही वस्तू कोणत्या उपकरणात बसते, रात्रीच्या टेहळणीसाठी तिचा उपयोग होतो का आणि अंतिम वापर काय, याचा खुलासा ओळखपत्रासह द्यावा, असा ईमेल कुरिअरकडून आला. मी त्याच दिवशी उत्तर दिले, तेव्हा सही केलेले पत्र मागितले गेले. ते पाठवल्यावर उत्पादकाचे माहितीपत्रक मागितले गेले. आणि तेही दिल्यावर पुन्हा पहिलाच प्रश्न आला. गावात नेटची रेंज जेमतेम, त्यामुळे प्रत्येक कागद स्कॅन करून पाठवण्यासाठी तालुक्याला जावे लागे. हेल्पलाइनवर दर वेळी ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच सांगितले जाई. सगळे प्रश्न एकदम विचारले असते तर मीही एकदम उत्तरे दिली असती, आणि याचा राग अजून गेलेला नाही. कारण १० जानेवारी २०२६ रोजी गुरू प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, मिथुन राशीतला तो गुरू आमच्या अक्षांशावर मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येत होता, आणि माझा फिल्टर गोदामात पडून होता.

शेवटी मी एकच सविस्तर पत्र लिहिले. हा फिल्टर स्वतः कोणताही प्रकाश सोडत नाही, त्यात बॅटरी किंवा सर्किट नाही, ती सव्वा इंची कड्यात बसवलेली, लेप दिलेली काच आहे. सुमारे ६८५ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश ती अडवते आणि त्यापुढचा जाऊ देते, म्हणजे अंधारात दिसणे तर सोडाच, कॅमेऱ्यात पोहोचणारा प्रकाश ती कमीच करते, असे त्यात स्पष्ट मांडले. दीर्घ तरंगांना हवेची थरथर कमी बाधते, म्हणून चंद्राची विवरे अधिक स्थिर टिपता येतात, हे कारणही दिले. दुर्बिणीला कॅमेरा लावलेला फोटो जोडला आणि कड्यात बसवलेल्या प्रकाशीय फिल्टरसाठी सीमाशुल्क वर्गीकरणात ९००२ हे शीर्षक आहे, याकडे लक्ष वेधले. त्यानंतर पार्सल सुटले. म्हणून मागवण्याआधीच विक्रेत्याला सांगा की बिलावर ‘खगोलीय दुर्बिणीसाठी काचेचा प्रकाशीय फिल्टर’ असे लिहून हा क्रमांकही टाकावा. कुरिअर गावापर्यंत येत नाही. तालुक्याच्या पत्त्यावर मागवले तर सोयीचे पडते.

निवडीबद्दल थोडे सांगायचे राहिले. ७४२ आणि ८०७ नॅनोमीटरचे फिल्टरही मिळतात, पण तरंगलांबी वाढली की दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे बारीक तपशील वेगळे दाखवण्याची ताकद, घटते. १५० मिलिमीटरच्या आरशाची मर्यादा ५५० नॅनोमीटरला सुमारे ०.९२ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग; आकडा लहान तितका तपशील बारीक) असते, ती ८०० नॅनोमीटरला १.३४ वर जाते. म्हणून आमच्यासारख्या लहान आरशांना ६८५ योग्य, हे माझे ठाम मत आहे. रंगीत कॅमेरा असल्यास त्याच्या पुढच्या काचेत इन्फ्रारेड रोखणारा लेप नाही ना, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. तो असेल तर हा फिल्टर लावून जवळजवळ काळाच पडदा दिसेल.

चंद्रावर फिल्टरचे चीज झाले. चंद्राचे रंग फिकेच असल्याने काही गमवावे लागत नाही. निळा प्रकाश हवेत फार विखुरतो. ४५० नॅनोमीटरचे विखुरणे ८०० च्या तुलनेत साधारण दहापट असते, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या आकाशातला अष्टमीचा चंद्र या फिल्टरमधून गडद पार्श्वभूमीवर उठून दिसतो. मंगळाचे काळसर प्रदेशही ठळक होतात. गुरूवर मात्र हवा अस्थिर असेल तेव्हाच हा फिल्टर लावावा, कारण त्यावरचा मोठा लाल डाग इन्फ्रारेडमध्ये फिका पडतो. प्रकाश घटल्याने एक्सपोजर वाढवावे लागते. फोकस पडद्यावर पाहून पुन्हा जुळवावा. भिंगाच्या दुर्बिणीत तो बराच सरकतो.

उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या स्लॅबवर दुर्बीण मांडू नये. रात्री उशिरापर्यंत त्यातून उष्णता वर येत राहते आणि ती लाट कोणत्याही फिल्टरने थांबत नाही. मी वावरातल्या मोकळ्या मातीवर मांडतो. दिवसा चंद्र टिपताना आणखी एक काळजी घ्यायलाच हवी: हा फिल्टर डोळ्यांना काळा दिसला तरी सूर्याचे इन्फ्रारेड किरण त्यातून सरळ जातात, त्यामुळे दुर्बीण सूर्याकडे चुकूनही वळता कामा नये आणि मुलांना तिच्याजवळ एकटे सोडू नये.