पाण्याचा दिवस आणि सरदार

"मॅडम, हा बदला घेतोय आमचा."

असं म्हणून मालकांनी पिशवीतून सहा-सात पांढरेशुभ्र टेरी टॉवेल काढून माझ्या टेबलावर ठेवले. वासाने बाहेर बसलेला लॅब्रेडॉरसुद्धा उठून आला. दुसऱ्या हातातल्या टोपलीत आरोपी होता. सरदार नाव, पर्शियन बोका, चार वर्षांचा, नसबंदी झालेला. मालकांचं घर सोलापुरात अशोक चौकाच्या मागे. खाली टॉवेलचं गोडाऊन, वर कुटुंब. घडी घालून पॅकिंगला ठेवलेल्या गठ्ठ्यांवर सरदार लघवी करतो, आणि तेही नेमकं ज्या दिवशी घरात कुणी ओरडलं त्या दिवशी, असं त्यांचं म्हणणं. मुलीने हट्टाने आणलेलं मांजर, त्यामुळे प्रत्येक खराब गठ्ठ्यामागे घरात एक भांडण. "मार्केट यार्डात सोडून या," असं मेव्हण्यांनी सुचवून झालं होतं.

बोका टॉवेलवर लघवी करतो हे ऐकलं की मला स्वभाव नंतर सुचतो, आधी मूत्रमार्ग सुचतो. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर रक्तातलं पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत जनावर जातं, आणि घरचे समजत असतात की बद्धकोष्ठ झालंय. पोट दाबून पाहिलं. तुंबलेलं मूत्राशय टणक, तट्ट लागतं. सरदारचं जवळजवळ रिकामं होतं, पण हात लागताच तो गुरगुरला. म्हणजे तुंबलं नव्हतं, दुखत मात्र होतं. थोडी लघवी भरू दिली आणि सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतला. रक्त होतं, जंतू नव्हते, आणि लघवी अतिशय घट्ट.

याआधी एका दवाखान्यात त्याला तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता, एकदा स्टेरॉइडसुद्धा. दर वेळी चार-सहा दिवसांत उतार पडायचा. वाईट वाटतं ते याचंच. तरुण मांजराच्या मूत्राशयात जंतुसंसर्ग क्वचितच असतो. बहुतेकांना असतो तो फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाला सूज, पण जंतू नाही, खडा नाही. त्याचा झटका आठवड्याभरात बहुधा आपोआप ओसरतो. त्या आठवड्यात जो कुणी काही देईल, त्याचा गुण येतो.

मी घरी येऊन बघते म्हटल्यावर मालकांचा चेहरा पडला. "सुई नाही देणार?" आमच्याकडे सुई दिली की इलाज झाला आणि बोललं की गप्पा झाल्या. गप्पांची फी द्यायला माणूस कुरकुरतो. त्यांना तरी काय बोलणार? उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना आम्हीसुद्धा वर्तन म्हणजे म्हैस माजावर आल्याची लक्षणं एवढंच धरून चाललो होतो. मांजराच्या मनाबद्दल परीक्षेत कुणी विचारलं नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दारूकामाआधी कुत्र्यासाठी झोपेची गोळी मागायला माझ्याकडे रांग लागते. मांजरासाठी अजून कुणी आलेलं नाही. कुत्रं भ्यालं तर अख्ख्या गल्लीला कळतं. मांजर भ्यालं तर कपाटामागे जातं आणि गप्प बसतं.

दुखणं कमी व्हावं आणि मधल्या काळात तो शांत राहावा म्हणून गॅबापेंटिन लिहून दिलं. साधी शंभर मिलिग्रॅमची कॅप्सूल, तीही विभागून. औषध दुकानदाराने मिथाइलकोबालामिन घातलेली तीनशेची गोळी दिली. "तेच आहे, वर व्हिटॅमिन फुकट." माणसाच्या मज्जातंतूंसाठीचं ते मिश्रण. चार किलोच्या मांजराला तीनशे म्हणजे दिवसभर झोकांड्या. चिठ्ठीवर 'मिश्र नको' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तरी हे घडतंच. मालकांनी गोळीचा फोटो पाठवून विचारलं म्हणून निभावलं.

घरी जाताना अल्ट्राव्हायोलेट टॉर्च नेला. अंधारात लघवीचे डाग त्याखाली चमकतात, मग जुन्या जागा सापडतात. गोडाऊनचे दिवे मालवून टॉर्च लावला आणि सगळं गोडाऊनच निळं पेटलं. पांढऱ्या टॉवेलला चकाकीसाठी जे रसायन लावतात, तेही याच उजेडात चमकतं. पोरं हसली. मग नाकानेच काम केलं.

नाकाला आधी लागलं ते फिनेल. रोज दोन वेळा फरशी त्यानेच पुसत होते. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकाली काढता येत नाहीत. पाय चाटून ती पोटात जातात. घर स्वच्छ ठेवायच्या हौसेपुढे हे सांगून काही उपयोग होत नाही, असा माझा अनुभव. इथे मुलीने ऐकलं.

पण खरा माल निघाला सीसीटीव्हीत. मांजरांच्या केसमध्ये मला एवढा चांगला साक्षीदार कधी मिळाला नव्हता. सरदार उभा राहून शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारतोय का, की खाली बसून करतोय, हे आधी बघायचं होतं. फवारा म्हणजे हद्दीची खूण. तो बसत होता. बराच वेळ बसायचा, थोडंसं करायचा, दोन पावलं जाऊन पुन्हा बसायचा. हे कुंथणं होतं, खुन्नस नव्हे. मालकांनी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. बोलले काही नाहीत.

मग तारखा उतरवून घेतल्या. घरातल्या भांडणांशी त्या जुळेनात. आजी शेजारी शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. त्यावर काही तारखांपुढे 'पा' लिहिलेलं. पा म्हणजे पाणी. उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, हे सोलापूरकराला सांगायला नको. त्या दिवशी घरात युद्धपातळीवर काम चालतं. सरदारचा शी-शू करायचा वाळूचा ट्रे मोरीत होता. पाणी आलं की मोरीत पिंपं लागायची, ट्रे उचलून गच्चीत जायचा आणि गच्चीचं दार बंद असायचं. शेजारी मोटर कोकलत असायची, जिन्यात बादल्या, सगळ्यांचे आवाज चढलेले. ओरडाही याच दिवशी व्हायचा. मालकांना ओरडा आठवत होता, पाणी आठवत नव्हतं. वर ट्रे धुतला जायचा तोही फक्त त्याच दिवशी, म्हणजे चौथ्या दिवशी वाळूची अवस्था काय असेल ते सांगायला नको. चार वर्षांपैकी तीन वर्षं हे त्याने सोसलं कसं, ते कळलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर आणि खाणं निव्वळ कोरडं, तेव्हापासून हे सुरू झालं.

ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २० आजारी आणि १२ निरोगी मांजरं ७७ आठवडे पाहिली होती. २०११ साली ते छापून आलं. वेळापत्रक बिघडलं, सांभाळणारा माणूस बदलला, की निरोगी मांजरंही ओकायची, कमी खायची, ट्रेबाहेर करायची. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे महापालिकेलाच औषध द्यायला पाहिजे." सोलापुरी माणूस.

पाणी रोज आणणं माझ्या हातात नव्हतं. बाकीचं केलं. दोन ट्रे, मोरीपासून लांब, मोठे, बिनवासाच्या वाळूचे. मांजरं जेवढी त्यापेक्षा एक ट्रे जास्त, असा नियम. घाण झालेली वाळू रोज चाळून काढायची, त्याला पाणी लागतच नाही. पाण्याच्या दिवशी सरदार वरच्या खोलीत, दार लावून, सोबत मुलगी. ओलं खाणं सुरू, पाण्याची भांडी तीन ठिकाणी. फिनेल बंद. गोडाऊनला जाळीचं दार. गल्लीतला एक बोका खिडकीशी येऊन बसायचा, तिथे खालच्या अर्ध्या काचेला कागद. हे सगळं एका आठवड्यात झालं, कारण घरातल्या मुलीने ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात आजींनी सरदारवरून मीठ-मोहरी उतरवून टाकली.

त्यानंतर पाण्याचे बरेच दिवस येऊन गेले, टॉवेल कोरडे आहेत. आजींच्या मते दृष्ट होती. मालकांच्या मते ती कॅप्सूल. मुलीला ट्रे वाटतो. मला वाटतं पाण्याच्या दिवसाची बंद खोली, पण हे मी कशाच्या जोरावर म्हणते? झटका आपोआप ओसरतो हा मुद्दा मी आधीच्या डॉक्टरांविरुद्ध वापरला, तो मलाही तितकाच लागू आहे. जाळीच्या दारानेच सगळं झाकलं असेल, तो दुसरीकडे कुठे कोपऱ्यात करत असेल, अशीही शंका आली. मुलीने घर हुंगून काढलं, तसं काही निघालं नाही.

म्हणून परवा मालकांना फोन केला. म्हटलं, एकेक गोष्ट मागे घेऊन बघू या. आधी खिडकीचा कागद काढा, मग दोन आठवड्यांनी जाळी, मग एक ट्रे. कशाने फरक पडला ते कळेल, पुढच्या मांजराला उपयोग होईल.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या शिक्षणासाठी माझे टॉवेल नाही द्यायचो. दिवाळीचा माल लागलाय."

जाळीला आता त्यांनी कुलूप लावलंय. किल्ली आजींकडे असते.