झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांत कोबाल्ट: दुसऱ्या फेरीची नोंद

जळगाव, मे अखेर. या फेरीत नऊ नमुने झाले: कोबाल्ट ०, ३ आणि ६ मोल टक्के (झिंक-कोबाल्टच्या एकूण अणूंपैकी), प्रत्येकाची भाजणी ३००, ५०० आणि ७०० अंश सेल्सिअसला. शोधायचं एकच होतं. टाकलेल्या कोबाल्टपैकी स्फटिकात खरोखर शिरतो किती?

३ टक्क्यांच्या नमुन्याला झिंक अॅसिटेट डायहायड्रेट २.१३ ग्रॅम आणि कोबाल्ट अॅसिटेट टेट्राहायड्रेट ०.०७५ ग्रॅम लागतं. एवढंसं कोबाल्ट ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोलू नका, तेरा टक्क्यांपर्यंत चूक पडते. २.४९ ग्रॅम कोबाल्ट अॅसिटेटचं १०० मिली द्रावण करून ठेवावं आणि त्यातलं ३ मिली पिपेटने घ्यावं. झिंक आणि कोबाल्ट मिळून एकूण १०० मिली, तापमान ६० अंश. ५० मिली पाण्यात ०.८५ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून तो चाळीस मिनिटांत थेंबथेंब सोडायचा, ढवळणं चालूच ठेवायचं. पीएच ९ ते १० झाला की थांबा. सोडा फार वाढला तर झिंक हायड्रॉक्साइड झिंकेट होऊन पुन्हा विरघळतं आणि टक्केवारीचा हिशेब बिघडतो.

पाणी डिस्टिल्डच हवं. आपल्याकडच्या बोअरच्या क्षारवट पाण्यातलं कॅल्शियम गाळासोबत कार्बोनेट म्हणून बसतं आणि एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना, २९.४ अंशांच्या कोनाजवळ उपरं शिखर उगवतं. गाळ निदान पाच वेळा धुवावा. धुण्यात कसर राहिली तर उरलेलं सोडियम अॅसिटेट ३२४ अंशांना वितळतं आणि भुकटीचे गोळे होतात.

या फेरीत सगळ्यात जास्त शिकवलं ते वाळवणीने. ६ टक्क्यांच्या गाळाचे दोन भाग केले. एक लगेच ८० अंशांना वाळवला, दुसरा रात्रभर उघडा, ओला ठेवला. दुसरा सकाळी तपकिरी झाला. कोबाल्ट हायड्रॉक्साइडचं हवेने ऑक्सिडीकरण होतं, आणि असा कोबाल्ट भट्टीत झिंकची जागा घेण्याऐवजी वेगळा काळा ऑक्साइड बनायला धजतो. ५०० ला भाजल्यावर पहिला भाग स्वच्छ हिरवा निघाला, दुसरा राखाडी.

घरच्या घरी तपासायला पांढरं व्हिनेगर पुरतं. चिमूटभर भुकटी १० मिली कोमट व्हिनेगरमध्ये टाका. झिंक ऑक्साइड विरघळतं, त्यात शिरलेला कोबाल्टही सुटतो आणि द्रावण फिकट गुलाबी होतं. वेगळा पडलेला काळा ऑक्साइड तळाशी राहतो. ही चाचणी एक्सआरडीआधी कराच, कारण त्या काळ्या ऑक्साइडची ३१.३ आणि ३६.८ अंशांची शिखरं झिंक ऑक्साइडच्या ३१.८ आणि ३६.२ च्या रुंद शिखरांखाली सहज दडतात. शिखर सरकलं नाही म्हणून कोबाल्ट शिरलाच नाही, असंही म्हणता येत नाही. चतुष्फलकी, म्हणजे चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या, जागेत झिंक आयनची त्रिज्या ०.६० अँगस्ट्रॉम, कोबाल्टची ०.५८, म्हणजे सरकायला फारसं काही नाहीच. खरा पुरावा दृश्य प्रकाशातल्या शोषणात मिळतो: सुमारे ५६५, ६१० आणि ६५५ नॅनोमीटरला पट्टे दिसले की कोबाल्ट चतुष्फलकी जागी बसलेला आहे.

भाजणीचा वेग मिनिटाला ५ अंश, मुक्काम दोन तास. मुशीत थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको. सराफ बाजारातल्या ग्रॅफाइटच्या मुशी सहज मिळतात, पण त्या इथे चालत नाहीत: ग्रॅफाइट जळतं आणि भुकटीभोवतीचा ऑक्सिजन खातं. वापरलेल्या मुशीत तर टाकणखारही असतो. पोर्सिलेन किंवा अॅल्युमिनाचीच मूस घ्या. भट्टीचा आकडा पडताळायला वेगळ्या मुशीत जस्ताचा तुकडा ठेवावा, तो ४१९.५ अंशांना वितळतो. गरम असताना साधं झिंक ऑक्साइड पिवळं दिसतं, तेव्हा रंग पूर्ण थंड झाल्यावरच नोंदवावा. ३ टक्क्यांचा ७०० चा नमुना केळीच्या पानासारखा गडद हिरवा उतरला.

तापमान वाढलं तशी शिखरं अरुंद झाली, म्हणजे स्फटिक वाढले. ३६.२ अंशांच्या शिखराची अर्धउंचीवरची रुंदी ०.५ अंश असेल तर शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने सुमारे १७ नॅनोमीटर येतात, ०.२५ असेल तर ३३. यंत्राची स्वतःची रुंदी आधी वजा करा. कोबाल्टवाल्या नमुन्यांची शिखरं त्याच तापमानाला जरा रुंदच राहिली, पण ती सगळी रुंदी आकारावर घालू नका. जाळीतला ताणही शिखर पसरवतो, त्यासाठी आकार आणि ताण वेगळे काढणारा विल्यमसन-हॉल आलेख काढावा लागेल.

कोबाल्टचं धुण्याचं पाणी मोरीत ओतू नका, बाटलीत साठवा. कोरडी भुकटी हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

पुढच्या फेरीत १ टक्का कोबाल्ट, ५०० अंश, मुक्काम अर्धा, दोन आणि सहा तास. वाळवणी लगेच.