जीप मूळपदावर आणताना

सहा वर्षांपूर्वी पाटण तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाकडून मी महिंद्राची १९९० सालची एमएम ५४० जीप विकत घेतली. साताऱ्यात गोडोलीतील घरासमोर ती आणून उभी केली, तेव्हा तिच्यावर मूळच्या वस्तू कमी आणि नंतर बसवलेल्या अधिक होत्या. स्प्रिंगचे टोक चॅसिसला जोडणारे पुढचे शॅकल मापापेक्षा लांब होते, मागच्या पाट्यांत (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन जादा पाटे घातलेले होते, टायर रुंद होते आणि डॅशबोर्डखाली टेपने गुंडाळलेल्या वायरींचा असा गुंता होता की, कोणती वायर कुठून येते आणि कुठे जाते हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते. ज्यांनी हे सारे केले, त्यांनी आपापल्या गरजेपोटीच केले असणार. डोंगरातल्या वाडीवर खतांची पोती न्यायची असतील तर जादा पाटे घालावेच लागतात. परंतु आता पोती नव्हती आणि पाटे मात्र होते. तेव्हा जीपवर नवे काही बसवण्यापूर्वी तिला कारखान्यातून निघाल्या स्थितीच्या जवळ आणायचे, आणि मग रस्ता जे मागेल तेवढाच बदल करायचा, असे मी ठरवले. हा निर्णय पाळायला मला जवळजवळ चार वर्षे लागली, तरीही जुन्या जीपवर हात घालणाऱ्या प्रत्येकाला मी आजही हाच क्रम सुचवतो.

इंजिनाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण त्याने मला फारसा त्रासच दिला नाही. प्युजोच्या आराखड्याचे हे एक्सडीपी ४.९० इंजिन आहे. नावातील चार म्हणजे चार सिलिंडर आणि नव्वद म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा नव्वद मिलिमीटर व्यास. पिस्टनच्या त्र्याऐंशी मिलिमीटरच्या स्ट्रोकसह (वर-खाली चालीसह) त्याची क्षमता २११२ सीसी भरते. सकाळी उशिरा स्टार्ट होण्याची जी तक्रार होती, तिची कारणे दोनच निघाली. चारपैकी दोन हीटर प्लग जळालेले होते आणि डिझेल फिल्टरच्या एका युनियनमधून (नळीच्या जोडातून) रात्रभरात बारीक हवा शिरत होती. त्या युनियनचे तांब्याचे वॉशर बदलले, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत एअर काढली आणि ती तक्रार तिथेच मिटली. हे काम ज्याला स्वतःला करता येते, त्याला डिझेलची गाडी घेऊन ठोसेघरच्या पुढे जाताना धाकधूक वाटत नाही.

खरी झुंज पुढच्या चाकांशी झाली. ताशी पंचेचाळीस-पन्नासच्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थरथरू लागे, क्षणभरात संपूर्ण पुढचा भाग डावी-उजवीकडे हेलकावे खाई आणि गाडी जवळजवळ उभी केल्याखेरीज ते थांबत नसे. नागठाण्याजवळ महामार्गावर हा प्रकार प्रथम घडला तेव्हा माझी मुलगी शेजारी बसलेली होती, आणि त्या दिवसानंतर दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत मी जीप गावाबाहेर नेली नाही. चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट बदलले, तरी फरक पडला नाही. शेवटी जुन्या एमआयडीसीतील एका वयस्क मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी गाडी चालवलीच नाही. दहा पावलांवर उभे राहून एका बाजूने तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “साहेब, चाकाचं सोडा. हिला उभं ऱ्हायलाच नीट येत न्हाई. शॅकल कुणी वाढवलं?”

त्यांच्या त्या प्रश्नात निम्मे उत्तर होते. पुढचे चाक ज्या किंगपिनवर वळते, ती किंगपिन उभी सरळ नसते. तिचा वरचा भाग किंचित मागे झुकलेला असतो, आणि त्या झुकावामुळे चाक वळणानंतर आपसूक सरळ येते व सरळ राहू पाहते. या जीपमध्ये पुढच्या पाट्याचे शॅकल बंपरच्या बाजूला असते. उंचीच्या हौसेने ते लांब केले की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, त्याबरोबर अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि किंगपिनचा झुकाव नाहीसा होऊ लागतो. जीप दोन इंच उंच दिसते खरी. पण तिच्या चाकांना सरळ राहण्याची बुद्धी उरत नाही. मूळ मापाचे शॅकल बसवले, मागचे जादा पाटे काढले, सेंटर बोल्ट नवे घातले आणि यू-बोल्ट पुन्हा आवळले, तेव्हा हेलकावे निम्म्याने कमी झाले.

उरलेला निम्मा दोष किंगपिनच्या बेअरिंगमध्ये होता, आणि तो कसा ओळखायचा हे मिस्त्रींनीच शिकवले. पुढचे चाक जमिनीपासून उचलावे, वरून आणि खालून दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवून पाहावे. चाक हलत असेल तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिनचा. माझ्या जीपची दोन्ही चाके ब्रेक दाबूनही हलत होती. (चाक उचलल्यावर केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे मी येथे आवर्जून लिहितो. मी अ‍ॅक्सलखाली लोखंडी स्टँड लावतो आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे देतो, मग काम पाच मिनिटांचे का असेना.)

किंगपिनची टोपी चार बोल्टवर असते. ती उचलल्यावर खाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या निघतात. त्यांना शिम म्हणतात. त्यांच्या खाली लहानसे टेपर रोलर बेअरिंग बसलेले असते. डाव्या बाजूचे बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुतले आणि त्याची वाटी उन्हात धरली, तेव्हा आतल्या चकचकीत पृष्ठभागावर रोलरच्या मापाच्या बारीक उभ्या खाचा ओळीने उमटलेल्या दिसल्या. नख फिरवले की प्रत्येक खाच स्वतंत्र लागत होती. हे बेअरिंग चाकाच्या बेअरिंगसारखे पूर्ण फिरत नाही. वर्षानुवर्षे ते थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे एवढेच हलते, त्यामुळे प्रत्येक धक्का त्याच त्या जागी बसतो आणि तिथेच खड्डा पडतो. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग मध्यभागी अडकल्यासारखे का वाटत होते, ते त्या खाचा पाहिल्यावर मला कळले.

पुण्यात नाना पेठेतून चारही बेअरिंगे वाट्यांसह आणली. जुन्या वाट्या पितळी सुंभ्याने कडेकडेने ठोकून काढल्या, नव्या सरळ बसवल्या आणि मग शिमचे काम सुरू झाले. येथे घाई उपयोगाची नाही. शिम काढली की टोपी अधिक खाली बसते आणि बेअरिंगवरचा दाब वाढतो. शिम घातली की दाब कमी होतो. दाब कमी राहिला तर चाक डुलते आणि जास्त झाला तर स्टिअरिंग जड होऊन नवे बेअरिंग लवकर खराब होते. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या भोकाला ताणकाट्याचा हूक अडकवून चाकाची गाठ (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) वळवायला किती जोर लागतो ते मोजायचे, टोपी उघडायची, एक शिम कमी करायची, पुन्हा आवळायची आणि पुन्हा मोजायचे. उजव्या बाजूला हे मी सात वेळा केले. त्यानंतर टायरच्या मध्यावर खडूने खूण करून, दोन्ही टायरांमधले पुढचे अंतर मागच्यापेक्षा दोन मिलिमीटरच्या आसपास कमी राहील असे टाय रॉडने जुळवले. आता महामार्गावर साठच्या वेगातही स्टिअरिंग दोन बोटांत धरता येते.

याच कामात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. या जुन्या अ‍ॅक्सलमध्ये चाकाच्या गाठीचा गोळा बंद असतो, आत ग्रीस असते आणि बाहेरून तेलसील त्या गोळ्याला घासत फिरते. आमच्याकडच्या पावसात तो गोळा गंजतो. गंजाचे खवले सील फाडतात, ग्रीस बाहेर पडते आणि पाणी आत शिरते. सील कितीही नवे घातले तरी खरबरीत गोळ्यावर ते टिकणार नाही. म्हणून आधी गोळा बारीक एमरी कागदाने गुळगुळीत होईपर्यंत घासला. आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चाके पूर्ण एका बाजूला वळवून मी तो पुसतो आणि त्यावर ग्रीसचा हलका हात फिरवतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर मी केलेला पहिला खरा बदल सांगतो. कास पठार ओलांडून बामणोलीच्या बाजूला उतरल्यावर आडवाटांनी ओढे लागतात, आणि भर पावसात त्यांतून चाकाच्या निम्म्या उंचीचे पाणी वाहत असते. पहिल्याच पावसाळ्यानंतर मागच्या डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या पेटीचा) नट खोलला, तेव्हा नव्वद नंबरच्या ऑइलऐवजी ताकासारखे पांढुरके पाणी ताटात पडले. सील शाबूत होती. कारण वेगळेच होते. घाट उतरून आलेले डिफरन्शियलचे हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, गरम असते. ते थंड ओढ्यात बुडाले की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. त्यासाठी हाउसिंगवर हवा घेण्याची छोटी नळी, म्हणजे ब्रीदर, दिलेली असते. माझ्या जीपमधील तो ब्रीदर चिखलाने पूर्ण बुजलेला होता, त्यामुळे हाउसिंगने हवेऐवजी सीलच्या कडेने पाणी ओढले होते. ब्रीदर साफ करून भागले नसते, कारण तो पाण्याखालीच जातो. म्हणून त्या जागी निप्पल बसवले, त्याला डिझेल-ऑइलला टिकणारी रबरी नळी जोडली, ती चॅसिसला क्लिपांनी बांधून वर नेली आणि टोक खाली वळवून शेवटी लहानशी जाळी बसवली. पुढच्या अ‍ॅक्सललाही तसेच केले. नळी बांधताना पाटे पूर्ण दबतील आणि पूर्ण मोकळे होतील एवढी ढील ठेवावी, नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ती उपटून येते.

दुसरा बदल दिव्यांचा. यवतेश्वरच्या घाटात धुके उतरले की जुने दिवे असून नसल्यासारखे वाटत, आणि प्रत्येक जण मला जास्त वॅटचे बल्ब घालायला सांगत होता. मी आधी मुलीला मल्टिमीटर घेऊन पुढे उभे केले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बच्या होल्डरवर जेमतेम १०.९. म्हणजे जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच नाहीसे होत होते. साठ वॅटचे दोन हाय बीम म्हणजे बारा व्होल्टवर दहा अँपिअर करंट, आणि तो सारा डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून, पिवळ्या पडलेल्या बारीक वायरींतून जात होता. अशा वायरींवर शंभर वॅटचे बल्ब लावणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होते. त्याऐवजी बॅटरीजवळ दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि फ्यूज बसवले, तिथून दिव्यांपर्यंत जाड वायर ओढली आणि जुन्या स्विचकडे केवळ रिले चालवण्याचे हलके काम ठेवले. दिव्यांची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी, रंगावर बसवलेली होती. रंग खरवडून ती उघड्या पत्र्यावर घेतली. तेच बल्ब, तेच दिवे, आणि होल्डरवर १३.४ व्होल्ट. त्या रात्री घाटातील कठड्याचे पांढरे पट्टे तिसऱ्या वळणापर्यंत दिसले.

अर्थिंगचा हा धडा सेल्फलाही लागू पडला. सेल्फ जड फिरतो म्हणून मी नवी बॅटरी घेण्याच्या बेतात होतो. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावला, तर १.४ व्होल्ट दिसले. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. इंजिन ते चॅसिस ही जाळीची अर्थ पट्टी आतून कुजलेली होती. ती बदलली आणि जुनी बॅटरी आणखी दोन वर्षे चालली.

काही गोष्टी मी केल्या नाहीत. पुढे लोखंडी गार्ड लावला नाही, वेगळ्या कंपनीचे इंजिन घातले नाही आणि टायरही मूळ मापावर परत आणले. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला गाडी उभी करावीच लागते. पण माझे कारण केवळ कायद्याचे नाही. रुंद टायरांचा जादा भार किंगपिनवरच येतो, आणि ज्या बेअरिंगांसाठी मी पंधरा दिवस अंगणात बसलो, ती पुन्हा खाचा पाडून घेण्याची माझी इच्छा नाही. ब्रेकचे काम तेवढे मी मिस्त्रींसमोर बसूनच करतो. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हा नियम आम्ही दोघेही पाळतो.

यंदा दिवाळीनंतर दोन्ही डिफरन्शियलचे नट पुन्हा खोलले. चार महिन्यांत जीप बामणोलीच्या बाजूला नऊ वेळा जाऊन आली होती. मागच्या हाउसिंगमधून ताटात जे पडले ते काळपट-सोनेरी, दाट ऑइल होते; त्यात पाण्याचा थेंब नव्हता. पुढच्या हाउसिंगमधले थोडे फिकट दिसले, म्हणून नळी तपासली. चॅसिसजवळच्या एका क्लिपखाली ती चेपलेली आढळली. मोठी क्लिप आणून ठेवली आहे, येत्या रविवारी बदलणार आहे.