पांढरा साका

बडोद्यातल्या काळा घोडा पुलावर पोचलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. एप्रिल महिना, खाली काठावर एक मगर ऊन खात पडलेली. विश्वामित्री नदीत उतरून पाण्याचा नमुना घ्यायची सोय नाहीच, म्हणून आम्ही पुलावरून दोरीने सॅम्पलर सोडतो.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर प्रयोगशाळेपर्यंत थांबता येत नाही. जागच्या जागी रसायनं घालावी लागतात. ३०० मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून उलटसुलट. ऑक्सिजन असला की तपकिरी साका धरतो, नसला की पांढरा. शहरात शिरण्याआधीच्या ठिकाणी सकाळी तो धरला होता, चहाच्या चोथ्यासारखा. इथे दुधासारखा पांढरा आला.

रसायनं बिघडली असावीत, असंच मला वाटलं. बरोबरच्या मुलाने आपलं प्यायचं पाणी पुढे केलं. त्यात लगेच तपकिरी. नदीचा नमुना पुन्हा घेतला. पांढराच. कमी आकडे मी पुष्कळ लिहिले होते, शून्य पहिल्यांदाच. फार वाईट वाटलं.

फिरायला आलेले एक काका मघापासून बघत होते. "अहो ताई, पाणी एवढं खराब असतं तर मगरी जगल्या असत्या का?"

बडोद्यात हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो, आणि तो वेडगळ मुळीच नाही. मी त्यांना मधल्या धारेत तरंगणारी दुसरी मगर दाखवली. नाकपुड्या तेवढ्या वर होत्या. "ती तुमच्या-माझ्यासारखी हवेतून श्वास घेते, काका. माशाला पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो." माशांसाठी लिटरला निदान ४ मिलिग्रॅम हवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं वर्गीकरण सांगतं. पावागडाकडून येणाऱ्या या नदीला उन्हाळ्यात स्वतःचं पाणी थोडंच. नाल्यांतून येतं त्या सांडपाण्यातली घाण पचवताना जिवाणू ऑक्सिजन संपवून टाकतात.

काकांनी दोन्ही बाटल्या शेजारी धरून उजेडात पाहिल्या. "मग हिला खायला काय मिळतं?"

वर येऊन हवा गिळणारे काही मासे तगतात, मेलेली जनावरं वाहून येतात, एवढं मी सांगितलं. ते कठड्याला टेकून खाली बघत राहिले. मी नोंदवहीत शून्य लिहिलं, वेळ लिहिली आणि ओली दोरी गुंडाळायला घेतली.