२१ मिमी आणि शूवरची काच

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघून फोकस जुळवायच्या कॅमेऱ्यावर, २१ मिमीची रुंद (वाइड) लेन्स चढवली, की कॅमेऱ्याचा स्वतःचा व्ह्यूफाइंडर (बघायची खिडकी) अर्ध्या कामापुरताच उरतो. फोकस जुळवता येतो, पण फोटोत काय येणार ते कळत नाही. माझ्या लायका एम२मध्ये ३५, ५० आणि ९० मिमी एवढ्याच लेन्सच्या फ्रेमलाइन, म्हणजे फोटोत काय येणार ते दाखवणाऱ्या चौकटीच्या रेघा, आहेत. २८ची रेघ पुढे एम४-पीमध्ये आली, पण ती खिडकीच्या इतकी कडेला असते की माझ्यासारख्या चष्मेवालीला चारही कोपरे एकदम दिसतच नाहीत. त्याहून रुंद लेन्स वापरायची तर शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, वेगळा फाइंडर लावायचा.

बरेच जण याला नाइलाज म्हणतात. मला तसं वाटत नाही. मी जास्त करून जिने आणि छोट्या खोल्या टिपते आणि त्या कामाला मला हाच फाइंडर हवा असतो. आत सगळं लख्ख आणि एकाच वेळी स्पष्ट दिसतं. मधे फोकसचा पॅच नाही, नको त्या फ्रेमलाइन नाहीत, लेन्सचं नाक किंवा हूड कोपऱ्यात घुसलेलं नाही. फक्त चौकट आणि तिच्या बाहेरचं थोडं जग.

फोकसला एक आणि चौकटीला एक, अशा दोन खिडक्यांची कटकट होत नाही का, असं विचारतात. होत नाही, कारण इतक्या रुंद लेन्सला खालच्या खिडकीत फारसं बघावंच लागत नाही. एफ/८ अ‍ॅपर्चरला २१ मिमीचं हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस ठेवला की अनंतापर्यंत सगळं शार्प येतं ते अंतर, काढलं तर साधारण १.९ मीटर येतं. तिथे लेन्सची फोकसची रिंग ठेवली की एक मीटरच्या थोडं अलीकडपासून थेट अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प. १५ मिमीला तर त्याच अ‍ॅपर्चरला अर्ध्या मीटरपासून पुढचं सगळं येतं. १९९९ साली आलेल्या फोक्टलेंडर बेसा एलमध्ये म्हणूनच ना रेंजफाइंडर होता, ना व्ह्यूफाइंडर. अंतर रिंगवर अंदाजाने लावा आणि शूवरच्या काचेतून बघा, असा तो सरळ हिशोब. त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरचे दिवेही मागच्या बाजूला, बाहेर दिसतील असे बसवलेले. ज्याने हे ठरवलं त्याने बाहेरचा फाइंडर स्वतः वापरला असणार.

आता मुद्द्याचं. हा फाइंडर मुख्यतः एका बाबतीत फसवतो, पण तिथे पक्का फसवतो. तो लेन्सच्या वर बसलेला आहे. माझ्या कॅमेऱ्यावर दोघांच्या मध्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास भरतं. लांबच्या दृश्यात सहा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. ७० सेंटिमीटरवर मात्र २१ मिमीच्या आडव्या चौकटीत साधारण ८० सेंटिमीटर उंची मावते, म्हणजे वरून तेराव्या हिश्शाएवढी पट्टी कापली जाणार. (५० मिमीला याच अंतरावर जवळजवळ पाचवा हिस्सा गेला असता, त्या मानाने आपण सुखी.) यासाठी फाइंडरमध्ये वरच्या रेघेखाली ठिपक्यांची दुसरी रेघ दिलेली असते. जवळच्या वस्तूचं डोकं तिच्या खाली ठेवा, असं तिचं सांगणं.

ते पाळायचं म्हणून बहुतेक जण कॅमेरा किंचित वर रोखतात. वाइड लेन्सला हे अजिबात करू नका. एवढ्याशा कलानेही उभ्या रेघा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, आणि दाराच्या चौकटीवर ते लगेच दिसतं. शिवाय ठिपक्यांची रेघ फक्त कड वाचवते. बघण्याची जागा बदलली आहे, त्याचं काय?

खुर्ची आणि तिच्या मागची खिडकी घ्या. फाइंडरमध्ये खुर्चीची पाठ खिडकीच्या कट्ट्याच्या जराशी खाली आहे, मधे भिंतीची बोटभर पट्टी दिसतेय, आणि त्या पट्टीसाठीच तुम्ही थांबला आहात. लेन्स सहा सेंटिमीटर खालून बघतेय. खालून बघितलं की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा जास्त वर सरकते. निगेटिव्हवर खुर्चीची पाठ कट्ट्याला चिकटलेली येते आणि पट्टी गेलेली असते. कॅमेऱ्याच्या आतल्या फाइंडरमध्ये पॅरलॅक्स (फाइंडर आणि लेन्स वेगळ्या जागेवरून बघतात तो फरक) दुरुस्तीची सोय असली, रेघा आपोआप सरकत असल्या, तरी ही पट्टी परत येत नाही. रेघा सरकल्याने डोळ्याची जागा बदलत नाही.

उपाय साधा आहे. चौकट ठरवा, श्वास रोखा आणि कॅमेरा न कलवता सरळ सहा सेंटिमीटर वर उचला. फाइंडरची काच जिथे होती तिथे आता लेन्स आली. कापली जाणारी कड वाचली, खुर्चीमागची पट्टी वाचली, उभ्या रेघा उभ्या राहिल्या. शटर दाबताना तुम्हाला काही दिसत नाही हे खरं, पण बघायचं ते बघून झालेलं असतं. ट्रायपॉडवर तर हे फारच सोपं. मधल्या दांड्यावर मी सहा सेंटिमीटरच्या अंतराने दोन खुणा केल्यात, खालच्या खुणेवर बघायचं आणि वरच्या खुणेवर टिपायचं. शू जवळजवळ लेन्सच्या डोक्यावरच असल्यामुळे डावी-उजवीकडचा हिशोब सहसा करावा लागत नाही.

फाइंडर खरोखर किती दाखवतो हे मात्र प्रत्येकाने स्वतः तपासावं. एम२चं तळाचं झाकण काढून मागची पट्टी वर उघडली, की फिल्म जिथून जाते ती खिडकी समोर येते. तिथल्या रुळांवर दुधी टेपचा तुकडा ताणून चिकटवायचा, शटर बीवर (दाबून ठेवू तोवर उघडं राहतं त्या खुणेवर) ठेवून केबल रिलीजने, म्हणजे शटर दाबायच्या तारेने, उघडं अडकवायचं, आणि कॅमेरा पुस्तकांच्या कपाटासमोर ट्रायपॉडवर लावायचा. खोलीत अंधार करून कपाटावर दिवा टाकला की टेपवर ते कपाट उलटं उमटतं. मग वरच्या फाइंडरमधून बघायचं, कुठलं पुस्तक रेघेच्या आत आणि कुठलं बाहेर. माझा फाइंडर टेपवर दिसतं त्यापेक्षा चारही बाजूंनी थोडं कमीच दाखवतो, ते मला मान्य आहे. पण शू झिजून सैल झाला असेल तर फाइंडर वाकडा बसतो आणि डावी-उजवी बाजू सारखी उरत नाही, हेही इथेच कळतं. फाइंडरच्या पायाखाली कागदाची पातळ पट्टी सरकवली की तो घट्ट बसतो, आणि वाकल्यावर खाली पडण्याची भीतीही जाते.

तपासताना अजून एक दिसेल. अनेक फाइंडरमध्ये कडेच्या सरळ रेघा बाहेर फुगतात, टेपवर त्या सरळ असतात. म्हणजे कडेला काय येतंय ते फाइंडरला विचारा, रेघ सरळ आहे का ते विचारू नका. माणसांच्या बाबतीत याचा त्रास जास्त होतो. रेघा सरळ ठेवणारी वाइड लेन्स कोपऱ्यातला चेहरा बाहेरच्या बाजूला ताणते, आणि फुगवणाऱ्या फाइंडरमध्ये तो ताण दिसत नाही. तिथे चेहरा ठीक वाटतो, प्रिंटमध्ये रुंद होतो. मी माणसांना मधल्या दोन तृतीयांशात ठेवते, कोपरे भिंतींना आणि कठड्यांना देते.

काही फाइंडरमधल्या चकाकत्या रेघांबद्दल थोडं. अल्बाडा पद्धतीच्या फाइंडरमध्ये रेघा डोळ्याच्या बाजूला असतात आणि पुढच्या अर्धवट चांदी लावलेल्या अंतर्वक्र काचेवरून परावर्तित होऊन दूर तरंगताना दिसतात. त्यांना उजेड समोरूनच मिळतो. पुढची काच बोटाने झाका, रेघा विझतात. अंधाऱ्या जिन्यातही त्या अशाच मावळतात. अशा वेळी कॅमेरा आधी उजळ खिडकीकडे वळवून कडा कुठे आहेत ते डोळ्यात बसवून घ्यायचं आणि मग जिन्याकडे फिरायचं.

२००६ साली आलेल्या बेसा आर४एम आणि आर४एमध्ये २१ची रेघ आतच दिलेली आहे. ज्यांना शूवर काही नको त्यांनी ते कॅमेरे जरूर बघावेत. माझा एम२ मी बदलणार नाही. विकत घेताना फाइंडरचं नाव किंवा धातू-प्लॅस्टिक बघण्याआधी चष्मा घालून चारही कोपरे एकदम दिसतात का ते बघा. डोळ्याच्या बाजूची कड धातूची असेल तर तिच्याभोवती रबराची बारीक रिंग बसवा, नाहीतर चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडतात.